‘गोऱ्हा झाला तर पैसे परत’ म्हणणाऱ्याकडून सेक्स सिमेन घेण्याआधी वाचा

वाळवा तालुक्यातल्या एका गोठ्यात सेक्स सिमेनने, म्हणजे कालवडच व्हावी म्हणून निवडलेल्या वीर्याने, भरवलेल्या सहा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायी व्यायल्या आणि त्यात चार गोऱ्हे झाले. दुचाकीवर वीर्याचा कंटेनर बांधून येणाऱ्या माणसाने एका कांडीमागे, म्हणजे वीर्य भरलेल्या बारीक नळीमागे, १,५०० रुपये घेतले होते आणि ‘गोऱ्हा झाला तर पैसे परत’ असं तोंडी सांगितलं होतं. पावती दिली नाही, रिकाम्या कांड्याही तोच घेऊन गेला, आणि आता त्याचा फोन लागत नाही. खऱ्या सेक्स सिमेनने दहातल्या नऊ वेळा कालवड होते. त्या हिशेबाने सहात चार गोऱ्हे होणं म्हणजे हजारात एखादी वेळ. साध्या कांडीने मात्र सहात चार किंवा जास्त गोऱ्हे तीनात एकदा होतातच. म्हणून एक गोऱ्हा झाला तर लगेच फसवलं म्हणू नका, पण निम्म्याच्या आसपास व्हायला लागले की समजून जा.

लोक भुलतात ते त्या हमीला. समजा, वीस गायींना साधीच कांडी सेक्स सिमेन म्हणून भरली. हातात ३०,००० रुपये आले. नऊ गाभण राहिल्या, त्यात चार-पाच गोऱ्हे. अगदी इमानदारीने पाच जणांचे पैसे परत केले तरी ७,५०० गेले. कांडी शंभर रुपयांची धरली तर खर्च २,००० चा. बाकी सगळा नफा, आणि परतीचा प्रश्न येतो तोही नऊ महिन्यांनी. ज्यांना कालवड झाली ते तर गावभर त्याचं नाव करतात. जत, आटपाडी, माणकडे खिलार पाळणाऱ्याला खोंड हवा असतो. तिथे ‘खोंडाची कांडी’ म्हणून हाच हिशेब उलटा चालू शकतो.

दुसरी गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. खोटी कांडी गाभण ठेवायला खरीपेक्षा सरस ठरते! मादी वासरू देणाऱ्या शुक्राणूत डीएनए सुमारे ३.८ टक्के जास्त असतो. त्या फरकावर, रंग देऊन, मशीनमधून एकेक शुक्राणू वेगळा काढतात. त्यात त्यांची ताकद कमी होते आणि कांडीत भरतातही कमी, साधारण २० ते ४० लाख. आपल्याकडच्या साध्या कांडीत गोठवताना सुमारे दोन कोटी असतात. म्हणून खऱ्या सेक्स सिमेनने गाभण राहण्याचं प्रमाण साध्याच्या पाऊण पटीच्या आसपासच पडतं. ‘आमच्या सेक्स सिमेनने गाय उलटतच नाही’ (गाभण न राहता पुन्हा माजावर येतच नाही) असं कुणी छातीठोक सांगत असेल, तर तिथेच संशय घ्यावा.

आता कांडी बघायची कशी. खरी आणि साधी, दोन्ही कांड्या पाव मिलीच्याच, त्यामुळे नुसत्या आकारावरून किंवा रंगावरून काही कळत नाही. छपाई वाचावी लागते. वळूचा नंबर, जात, वीर्य केंद्राचा कोड, तारीख किंवा बॅच आणि सेक्स सिमेनची खूण हवी. पण वाचण्यासाठी कांडी कंटेनरच्या तोंडाशी वर धरून ठेवू देऊ नका. आत उणे १९६ अंश असतं. वर धरलेल्या कांडीला काही सेकंदांत लागलेली उष्णता शुक्राणू मारते आणि परत बुडवून ते जिवंत होत नाहीत. कांडी थेट ३५ ते ३७ अंशाच्या पाण्यात जायला हवी, ३० ते ४५ सेकंद. थर्मामीटर न लावता बोट बुडवून ‘कोमट आहे’ म्हणणाऱ्याला थांबवा. बाहेर काढून ती कोरडी पुसली, की गनमध्ये (वीर्य सोडायच्या लांब नळीत) घालून तोंड कापण्याआधी छपाई वाचा आणि मोबाईलवर फोटो घ्या. भरून झाल्यावर खिशातून काढून दाखवलेली रिकामी कांडी दुसऱ्याच गायीची असू शकते. गनमधून निघालेली कांडी तुमच्या हातात आली पाहिजे, आणि तिचा नंबर फोटोशी जुळला पाहिजे.

कंटेनरमध्ये कांड्या गोठलेल्या ठेवणारा द्रव नायट्रोजन किती आहे तेही विचारा. पट्टी बुडवून वर काढली की जिथपर्यंत पांढरं दव धरतं तिथपर्यंत पातळी. खरी कांडीसुद्धा कोरड्या पडत चाललेल्या कंटेनरमध्ये मातीमोल होते.

खरा माणूस आधी गायीची चौकशी करतो. दोन-तीनदा उलटलेल्या, सोट (माजातला चिकट स्राव) गढूळ असलेल्या गायीला तो सेक्स सिमेन भरत नाही. निरोगी, चांगल्या वजनाची पहिलटकर कालवड त्याला हवी असते. वेळही निराळी. साधी कांडी सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरतात. सेक्स सिमेनला माज सुरू झाल्यापासून १६ ते २४ तास थांबावं लागतं, कारण हे शुक्राणू गर्भाशयात कमी टिकतात. फोन केल्यावर तासाभरात येऊन, माज कधी लागला हे न विचारता भरणाऱ्याला पैसे देऊ नका.

राष्ट्रीय गोकुळ मिशनखाली सेक्स सिमेनला अनुदान आहे, तेव्हा आधी सरकारी दवाखान्यात आणि आपल्या दूध संघात विचारा. खाजगीकडून घेतलंच तर वळूचा नंबर आणि ‘सेक्स सॉर्टेड’ हे शब्द असलेली पावती घ्या, आणि गायीच्या कानातल्या १२ अंकी बिल्ल्यावर ‘भारत पशुधन’ या जनावरांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत नोंद झाली का ते बघा. तक्रार तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडे लेखी द्या. ग्राहक आयोगात जायची मुदत दोन वर्षांची असते. गाय व्यायलेली तारीख, वासराचा फोटो, पावती आणि रिकामी कांडी एका पाकिटात ठेवा. पाण्याने कांडीवरची छपाई पुसली जाऊ देऊ नका.