‘सुपर ट्रूपर’ की ‘द व्हिजिटर्स’? किनाऱ्यावरच्या घरासाठी अ‍ॅबाचा एक अल्बम निवडताना

‘अ‍ॅबा गोल्ड’ या गाजलेल्या गाण्यांच्या संग्रहातली १९ गाणी पाठ झाली आहेत आणि आता या स्वीडिश पॉप बँडचा एखादा पूर्ण अल्बम घ्यायचा आहे, असं ठरवलं की बहुतेक जण ‘सुपर ट्रूपर’पाशी थांबतात. तो नोव्हेंबर १९८०चा. त्यानंतर वर्षभराने, ३० नोव्हेंबर १९८१ला ‘द व्हिजिटर्स’ आला आणि तो मात्र कायम मागे राहिला. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: ‘द व्हिजिटर्स’ घ्या, आणि तो सीडीवर घ्या. एलपीच हवी असेल तर उत्तर बदलतं. ते का, हे पुढे येईलच.

आधी साधा हिशेब. ‘सुपर ट्रूपर’मध्ये १० गाणी आहेत. त्यातली तीन, म्हणजे ‘सुपर ट्रूपर’, ‘द विनर टेक्स इट ऑल’ आणि ‘ले ऑल युअर लव्ह ऑन मी’, ‘गोल्ड’मध्ये आहेतच. ‘द व्हिजिटर्स’च्या नऊ गाण्यांपैकी तिथे फक्त ‘वन ऑफ अस’ आहे. म्हणजे नवं ऐकायला एकीकडे सात गाणी, दुसरीकडे आठ. आकड्यांत फरक थोडा, पण ‘सुपर ट्रूपर’ची सगळ्यात बलवान गाणी तुम्ही आधीच ऐकलेली आहेत. ‘द व्हिजिटर्स’ची अजून ऐकायचीच आहेत.

हा अल्बम दुर्लक्षित का राहिला, याचं एक कारण लोकप्रियतेच्या तक्त्यांत आहे. ‘सुपर ट्रूपर’ने ब्रिटनमध्ये दोन पहिल्या क्रमांकाची गाणी दिली. ‘द व्हिजिटर्स’ अल्बम म्हणून तिथे पहिला आला, ‘वन ऑफ अस’ तिसरं आलं, पण पुढचं ‘हेड ओव्हर हील्स’ २५व्या क्रमांकावर अडलं. पहिल्या दहात येण्याची बँडची सहा वर्षांची सवय तिथे मोडली. वर्षभरातच चौघं आपापल्या वाटेला लागले आणि पुढचा अल्बम थेट २०२१मध्ये आला. हा अल्बम ‘शेवटचा आणि उदास’ म्हणून बाजूला ठेवला गेला, तो त्यामुळे.

उदास आहे, हे खरं. बँडमधली चौघं म्हणजे दोन जोडपी होती: ब्यॉर्न-अग्नेथा आणि बेनी-फ्रिडा. ब्यॉर्न आणि अग्नेथा ‘सुपर ट्रूपर’च्या आधीच वेगळे झाले होते. बेनी आणि फ्रिडाच्या घटस्फोटाची बातमी फेब्रुवारी १९८१मध्ये आली आणि मार्चमध्ये स्टॉकहोमच्या पोलर स्टुडिओत या अल्बमचं काम सुरू झालं. ‘द विनर टेक्स इट ऑल’ अग्नेथाच्या आवाजात आहे आणि ते हरलेल्या बाईचं गाणं आहे. त्यातला आक्रोश मोठा, चाल तशीच चढत जाणारी. ‘द व्हिजिटर्स’मधलं ‘व्हेन ऑल इज सेड अँड डन’ फ्रिडाचं. शब्द दोन्हीकडे ब्यॉर्नचेच, पण इथे कोणी जिंकत-हरत नाही. दोन मोठी माणसं एकमेकांना समजून निरोप घेतात. दोन अल्बमांमधला फरक कानाने पकडायचा असेल तर ही दोन गाणी पाठोपाठ लावा. दुसऱ्यात आवाज कुठेही फुटत नाही आणि तरी दुःख जास्त खोल जातं.

मग शीर्षकगीत. सुरुवातीला सिंथेसायझरचा एकच स्वर खाली धरून ठेवलेला आणि त्यावर फ्रिडाचा आवाज जवळजवळ सपाट सरकत जातो. भजनाच्या आधी पेटीवर षड्ज धरून ठेवलेला असतो, तो कानात बसलेल्या माणसाला ही सुरुवात परकी वाटणार नाही. गाणं आहे ते सोव्हिएत काळातल्या बंडखोर विचारांच्या माणसांवर: दारावर थाप पडते आणि आतलं माणूस श्वास रोखून बसतं. जवळजवळ सहा मिनिटांचं असूनही ते कुठे लांबत नाही. ‘सोल्जर्स’ त्याच भीतीचं, पण कवायतीच्या तालावर. ‘स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स’ हे शाळेत निघालेल्या मुलीकडे पाहणाऱ्या आईचं. ब्यॉर्न आणि अग्नेथाच्या लिंडावरून सुचलेलं. ‘आय लेट द म्युझिक स्पीक’ रंगभूमीच्या वाटेवरचं, पाच मिनिटांचं आणि थोडं जड. दोन-तीनदा ऐकल्याशिवाय त्याबद्दल मत बनवू नका. ‘टू फॉर द प्राइस ऑफ वन’ मात्र कच्चं आहे. ब्यॉर्नने गायलेला तो विनोदी किस्सा एकदा कळला की संपला.

आता आवाजाची गोष्ट, कारण किनाऱ्यावरच्या घरात निवड इथेच ठरते. ‘सुपर ट्रूपर’ अ‍ॅनालॉग टेपवर ध्वनिमुद्रित झाला: आवाजावर आवाज चढवलेले, भरगच्च, मोकळी जागा कमी. ‘द व्हिजिटर्स’ची आधी मुद्रित झालेली तीन गाणी (‘व्हेन ऑल इज सेड अँड डन’, ‘स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स’ आणि ‘टू फॉर द प्राइस ऑफ वन’) टेपवरच झाली. मग स्टुडिओत ३२ ट्रॅकचं डिजिटल यंत्र आलं आणि उरलेली सहा त्यावर झाली. टेपची सरसर गेली, स्वरांमधली शांतता काळीभोर झाली. ध्वनिमुद्रक मायकेल ट्रेटो यांनी ती शांतता बुजवली नाही, तिचा वापर केला. शेवटच्या ‘लाइक अ‍ॅन एंजल पासिंग थ्रू माय रूम’मध्ये घड्याळाची टिकटिक, सिंथेसायझर आणि फ्रिडाचा एकटा आवाज एवढंच आहे.

जून ते सप्टेंबर कौलांवर किंवा पत्र्यावर पाऊस आपटत असतो तेव्हा नेमकं हेच हरवतं. पावसाचा आवाज सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, त्यामुळे हळू भाग आधी बुडतात. आवाज वाढवला तर शांत ठिकाणं ऐकू येतात, पण ‘हेड ओव्हर हील्स’ कानठळ्या बसवतं. म्हणून पावसाळ्यात ‘द व्हिजिटर्स’ कान झाकणाऱ्या बंद हेडफोनवरच ऐका; उघड्या जाळीचे हेडफोन कामाचे नाहीत. ‘सुपर ट्रूपर’ला ही अडचण नाही. पंखा, पाऊस, ओसरीवरच्या गप्पा या सगळ्यांतून तो पोहोचतो. गणपतीत चाकरमानी घरी आले आहेत, घर भरलं आहे आणि मागे काहीतरी वाजत राहायला हवं आहे, तर तोच लावा. ३१ डिसेंबरला त्यातलं ‘हॅपी न्यू इयर’ आहेच.

एलपीचा विचार करणाऱ्यांनी तबकडीची आतली बाजू लक्षात घ्यावी. सुई मध्याकडे जाते तशी एका फेऱ्यात मिळणारी खाच आखूड होत जाते आणि शेवटच्या गाण्यात फाटकेपणा, धुळीचे टक-टक आवाज जास्त जाणवतात. ‘सुपर ट्रूपर’चं शेवटचं ‘द वे ओल्ड फ्रेंड्स डू’ १९७९च्या वेम्ब्लीच्या कार्यक्रमातलं, श्रोत्यांच्या टाळ्यांसकट. तिथे टक-टक खपून जाते. ‘द व्हिजिटर्स’ची दुसरी बाजू त्या घड्याळाच्या टिकटिकीवर संपते. तिथे एकेक कण ऐकू येतो. म्हणून एलपीच घ्यायची असेल आणि ती धुवायची तयारी नसेल, तर ‘सुपर ट्रूपर’ घ्या.

धुण्याचं काम अवघड नाही. बुरशी तबकडीच्या प्लास्टिकवर जगत नाही. ती बोटांच्या तेलावर, धुळीवर आणि कागदी वेष्टनावर वाढते. ८० मिली डिस्टिल्ड वॉटर, २० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब. मऊ मायक्रोफायबर कापडाने खाचेच्या दिशेने गोल पुसा, मधलं लेबल कोरडं ठेवा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसून सावलीत उभी वाळवा. नळाचं किंवा विहिरीचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत बसतात. घरात आजोबांच्या वेळच्या नाट्यसंगीताच्या ७८च्या तबकड्या असतील तर त्यांना हे मिश्रण लावू नका. त्यांतली लाख अल्कोहोलने खराब होते.

आतलं कागदी वेष्टन काढून पॉलिथिनचं घाला. पीव्हीसीचं जाड पारदर्शक वेष्टन उकाड्यात तबकडीला चिकटतं आणि कायमचा धूसर डाग सोडतं. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, तबकड्या उभ्याच ठेवा आणि सिलिका जेलचा रंग बदलला की दाणे पुडीतून काढून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवा. खाऱ्या हवेने हेडशेलच्या (सुई बसवतात त्या भागाच्या) पिना आणि प्लेअरच्या मागच्या आरसीए जोडण्या (आवाजाच्या वायरी लावतात त्या) काळवंडतात. एका कानाचा आवाज गेला की सुई बदलण्याआधी या जोडण्या अल्कोहोलने पुसून पाहा.

सीडीला यातलं फारसं काही लागत नाही. डबीत ठेवा, छापील बाजूवर ओरखडा पडू देऊ नका. धातूचा थर त्याच बाजूला असतो आणि हवा लागली की तो गंजतो. शिवाय ‘द व्हिजिटर्स’ हा १९८२मध्ये कारखान्यात दाबल्या गेलेल्या अगदी पहिल्या सीडींपैकी एक आहे. बहुतांशी डिजिटलवर जन्मलेला अल्बम त्याच रूपात ऐकणं रास्त. जुनी पश्चिम जर्मन प्रत मिळाली तर सोडू नका. नंतरच्या काही आवृत्त्यांत आवाजाची पातळी चढवलेली आहे आणि त्यात चढ-उतार दबतो. स्ट्रीमिंगवर ऐकणार असाल तर गाणी उतरवून ठेवा आणि अ‍ॅपमधलं आवाज सारखा करणारं सेटिंग बंद करा.

नंतरच्या सीडींवर आणि स्ट्रीमिंगवर नऊ गाण्यांमागे जास्तीची गाणी जोडलेली सापडतील. नवव्यानंतर थांबवा. त्यांतलं १९८२चं ‘द डे बिफोर यू केम’ अ‍ॅबाच्या सर्वोत्तम गाण्यांपैकी आहे, पण ते वेगळ्या दिवशी, एकटंच ऐका.