रताळ्याचे बेणे घेताना तुलनेच्या तक्त्यावर विसंबू नका

गेल्या हंगामात कोल्हापूर जिल्ह्यातील आमच्या शेतात ‘भू सोना’ या नारिंगी गराच्या वाणाच्या नावाने विकत घेऊन लावलेले रताळ्याचे बेणे (लावणीसाठी कापलेले वेलाचे तुकडे) भलत्याच वाणाचे निघाले. आतून नारिंगी असलेल्या रताळ्याला एकादशीच्या सुमारास शहरात दुप्पट भाव मिळतो, असे सांगत एक विक्रेता गावोगाव फिरत होता. त्याच्याजवळ साध्या वाणाशी तुलना करणारा छापील तक्ता होता आणि खरी मेख त्या तक्त्यातच होती.

तक्त्यात १०० ग्रॅममागे बीटा कॅरोटीन (गराला नारिंगी रंग देणारे द्रव्य) साध्या रताळ्यात २ मिलिग्रॅम, तर ‘भू सोना’मध्ये ५० मिलिग्रॅम दाखवले होते. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेच्या या वाणात १०० ग्रॅम ताज्या कंदात ते सुमारे १४ मिलिग्रॅम असते, प्रचलित वाणांत २ ते ३. मात्र कंदातील शुष्कांश, म्हणजे पाणी वगळून उरणारा भाग, २७ ते २९ टक्के असल्यामुळे तेच १४ मिलिग्रॅम वाळलेल्या वजनावर मोजले की ५० च्या घरात जातात. म्हणजे एका रकान्यात ओले रताळे आणि दुसऱ्यात वाळवलेले! सुटा पाहिला तर कोणताच आकडा खोटा नव्हता, त्यामुळे कृषी पदवीधरालाही तो चटकन खटकला नसता.

उत्पादनाचा ‘एकरी २५ टन’ हा दावाही असाच बेतलेला होता. ६० बाय २० सेंटिमीटरवर लागवड केल्यास एकरात सुमारे ३३ हजार वेल बसतात. एखाद्या निवडक वेलाखालचे पाऊण किलो वजन त्या संख्येने गुणले की २५ टन होतात. या वाणाचे नोंदलेले उत्पादन हेक्टरी सुमारे २० टन आहे, म्हणजे एकरी ८ टन, वेलामागे पाव किलोही नाही.

काढणीच्या वेळी कंद मधोमध कापले, तर साल लाल, आत पांढराफटक गर आणि कडेने पाझरणारा चीक. विक्रेत्याने फोनवर जमिनीला दोष दिला. जमीन आणि हवामानानुसार कॅरोटीन कमीजास्त होते हे खरे, परंतु नारिंगी वाणाचा गर त्यामुळे पांढरा होत नाही. सालीच्या रंगावरूनही गराचा रंग कळत नाही. विक्रीच्या वेळी त्याने दाखवलेला कापलेला नारिंगी कंद आणि पाने खुडून बांधलेल्या वेलांच्या जुड्या यांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता.

त्यामुळे बेणे ज्या मळ्यातून कापले जाणार असेल, तेथे जाऊन आपल्या समोर वेल उपटायला लावावा आणि त्याच वेलाचा कंद कापून पाहावा. तक्ता पुढे केला, तर आकडे ताज्या वजनावरचे की वाळलेल्या, आणि उत्पादन किती क्षेत्रावर मोजले, हे लेखी मागावे. बियाणे अधिनियम, १९६६ मधील ‘बियाणे’ या व्याख्येत अन्नपिकांच्या लागवडीसाठीचे कंद आणि तुकडेही येतात, म्हणून वाणाचे नाव लिहिलेली पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आम्हाला मिळालेल्या पावतीवर फक्त ‘वेल’ एवढेच लिहिलेले आहे आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे केलेली आमची तक्रार सध्या त्याच शब्दावर अडली आहे.