ज्ञानेश्वर ४, १० की ३०? डॉक्स सुधारायला कुठल्या भाषेपासून सुरुवात करावी

आमच्या एका जुन्या फॉर्ममध्ये नावाला २० अक्षरांची मर्यादा होती. ‘ज्ञानेश्वर’ टाकून सेव्ह केलं की ‘ज्ञाने’ एवढंच उरायचं आणि पुढे चौकटीतलं प्रश्नचिन्ह. कोड पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेचा होता, कापाकापी तिचं सबस्ट्र() हे फंक्शन करत होतं आणि चूक आमचीच होती. २० हा आकडा अक्षरांचा आहे असं आम्ही धरून चाललो होतो. ते फंक्शन मोजत होतं बाइट. युटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर बाइटांत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह (मात्रा आणि हलन्तही वेगळं चिन्ह) ३ बाइट घेतं. सहा चिन्हांचे १८ झाले आणि उरलेल्या दोन बाइटांत ‘श’ अर्धवट चिरला गेला.

तेव्हापासून कुठल्याही प्रोग्रॅमिंग भाषेचे डॉक्स, म्हणजे तिची माहिती देणारी पानं, मी या एका नावाने तपासतो. डोळ्याला अक्षरं दिसतात ४: ज्ञा, ने, श्व, र. लांबी विचारली की पायथॉनचं लेन() आणि जावास्क्रिप्टचं लेंग्थ सांगतात १०. पीएचपीचं स्ट्रलेन() आणि रस्टचं लेन() सांगतात ३०. चौघांपैकी कुणीच खोटं बोलत नाही. प्रश्न एवढाच, की आपण काय मोजतोय हे त्या-त्या फंक्शनचं पान सांगतं का?

ऑफिसमधली नवी मुलं हल्ली विचारतात, ‘ओपन सोर्समध्ये पहिलं योगदान डॉक्सपासून करायचंय, कुठे करू?’ बहुतेकांच्या मनात उत्तर आधीच ठरलेलं असतं: जी भाषा येते तिथे. मी मात्र आधी दोन गोष्टी बघायला सांगतो. सुधारायचं वाक्य नेमकं कुठल्या फाइलमध्ये राहतं, आणि ते चुकलं तर कुणाच्या लक्षात येतं.

पायथॉन: वाक्य दोन घरांत

लेन()चं पान म्हणतं, हे फंक्शन वस्तूची लांबी म्हणजे तिच्यातल्या घटकांची संख्या देतं. घटक म्हणजे काय, हे स्ट्रिंगपुरतं तिथे सांगितलेलं नाही. स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) ही युनिकोड कोड पॉइंटांची, म्हणजे वर मोजलेल्या सुट्या चिन्हांची, मालिका असते, हे वाक्य बिल्ट-इन टाइपांच्या पानावर आहे. दोन्ही पानं वाचून बेरीज करणाऱ्याला १० चं कोडं सुटतं. बाकीचे गोंधळतात.

मग ते एक वाक्य इकडे आणून टाकावं, असं कुणालाही वाटेल. इथेच पायथॉनची गंमत आहे. वेबसाइटवरचा मजकूर सीपायथॉनच्या (पायथॉनच्या मुख्य अंमलबजावणीच्या) रेपोमध्ये, म्हणजे कोडच्या साठ्यात, डॉक फोल्डरात, रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या लेखन-पद्धतीत असतो आणि स्फिंक्स हे साधन त्याची पानं बनवतं. पण टर्मिनलवर हेल्प(लेन) केलं की जे दिसतं ते तिथलं नव्हेच. ती डॉकस्ट्रिंग (फंक्शनला चिकटवलेली माहिती) सी भाषेतल्या फाइलमध्ये, आर्ग्युमेंट क्लिनिक या कोड तयार करणाऱ्या साधनाच्या खास कॉमेंटमध्ये बसलेली असते. तिथे एक शब्द बदलला तरी क्लिनिक पुन्हा चालवून तयार होणारी हेडर फाइलही रेपोत नोंदवावी (कमिट करावी) लागते. दोन्हींचा मजकूर वेगळा आहे आणि एक बदलला म्हणून दुसरा आपोआप बदलत नाही. नवखा माणूस वेबसाइटवरचं वाक्य दुरुस्त करतो आणि हेल्प()मध्ये जुनंच का दिसतं म्हणून बुचकळ्यात पडतो.

दुसरी अडचण स्वभावाची. पायथॉनच्या शैली-मार्गदर्शिकेला ‘सावधान, इथे खड्डा आहे’ ही भाषा रुचत नाही. सुरक्षेचा किंवा प्रोग्रॅम कोसळण्याचा धोका असेल तर गोष्ट वेगळी. एरवी भाषा काय करते ते सरळ, थोडक्यात आणि होकारार्थी सांगा, असा तिचा आग्रह. त्यामुळे ‘देवनागरीत लेन() फसवं आहे’ असं लिहून पाठवलंत तर ते परत येईल. ‘स्ट्रिंगसाठी ही संख्या कोड पॉइंटांची असते’ असं लिहिलंत तर निदान बोलणं सुरू होईल, आणि तेही बराच वेळ चालेल. कारण बिल्ट-इन फंक्शनांच्या पानावर प्रत्येक वाक्य जागा अडवतं आणि जागेचं भाडं मागितलं जातं. (मराठी शुद्धलेखनावरचे वाद पाहिलेल्या माणसाला याचं काही वाटू नये.)

कामाची सोय मात्र चांगली आहे. २०२२ पासून तक्रारींची नोंद गिटहबवरच होते. पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) टाकली की बदललेल्या पानाचा प्रीव्ह्यू आपोआप तयार होतो. पहिल्या खेपेला योगदानाच्या करारावर सही लागते. बदल जुन्या आवृत्तीलाही लागू असेल तर तिकडे नेण्याचं बरंचसं काम बॉट करतो.

पीएचपी: खड्ड्याला पाटी

पीएचपी याच्या अगदी उलट. स्ट्रलेन()च्या पानावर वेगळी टीप आहे, की हे फंक्शन बाइट मोजतं, अक्षरं नाही. मजकुरात तुकडा कितव्या जागी आहे ते सांगणाऱ्या स्ट्रपॉस()च्या पानावर तर ठसठशीत इशारा. ‘ज्ञानेश्वर’मध्ये ‘ज्ञा’ शोधा, उत्तर येतं ०, कारण तो सुरुवातीलाच आहे. नुसतं इफ लावलं तर पीएचपी ० ला ‘सापडलं नाही’ समजतं. म्हणून तीन बरोबर-चिन्हांनी तुलना करा, असं पान बजावतं. ‘श्व’ शोधला तर १८ येतात आणि बाइटांऐवजी चिन्हं मोजणाऱ्या एमबी-स्ट्रपॉस()ने शोधला तर ६. नुसतं आहे-नाही एवढंच विचारायचं असेल तर स्ट्र-कंटेन्स() आहे, पण ते यायला २०२० मधली ८.० आवृत्ती उजाडावी लागली. तोवर सगळा भार त्या इशाऱ्यावरच होता.

तो इशारा त्या पानाच्या फाइलमध्ये लिहिलेलाच नाही. मॅन्युअल डॉकबुक एक्सएमएल या टॅगांच्या लेखन-पद्धतीत आहे, प्रत्येक फंक्शनची फाइल वेगळी. अशी सामाईक वाक्यं मात्र एका ठिकाणी ठेवून नावाने ओढली जातात. म्हणजे तिथला स्वल्पविराम हलवलात तर कितीतरी पानांवर हलतो. मला ही रचना आवडते, आणि नवख्याने त्या फाइलला पहिल्याच आठवड्यात हात लावू नये असंही वाटतं. एखाद्या फंक्शनच्या पानापासून सुरुवात करा. करारबिरार काही नाही, पानाच्या तळाशी सुधारणेची लिंक आहे, एका संध्याकाळचं काम.

उणीव अशी, की पानात दिलेलं उदाहरण चुकीचं उत्तर छापत असेल तर ते यंत्राच्या लक्षात येत नाही. तपासणी होते ती टॅगांची रचना नीट आहे का, याची. पानाखाली वाचकांच्या टिपा असतात, त्यांत सोनंही सापडतं आणि पंधरा वर्षांपूर्वीचा कचराही. मतांच्या आकड्यावर विसंबू नका, तारीख बघा.

रस्ट: उदाहरण चुकलं तर बिल्ड पडतो

रस्टचं लेन() पहिल्या परिच्छेदातच सांगून टाकतं, की ही लांबी बाइटमध्ये आहे आणि माणूस जिला लांबी म्हणेल ती ही नसेलही. चारही पानांत मला हे सगळ्यांत प्रामाणिक वाटतं. हा मजकूर फंक्शनच्या डोक्यावरच, त्याच सोर्स फाइलमध्ये, तीन तिरप्या रेघांच्या कॉमेंटमध्ये असतो. त्यातलं उदाहरण टेस्ट म्हणून चालवलं जातं. उत्तर ३० च्या जागी १० लिहिलंत तर लाल दिवा लागतो, कुणी वाचेपर्यंत थांबावं लागत नाही.

किंमत म्हणजे रेपो जड. साध्या लॅपटॉपवर तो बांधून टेस्ट चालवताना पंखा गरगरतो. शिवाय पानं आधीच इतकी नीट आहेत, की नवख्याला सुधारायला जागा शोधावी लागते.

जागा अगदीच नाही असंही नाही. रस्टच्या अधिकृत पाठ्यपुस्तकात ‘नमस्ते’चं उदाहरण आहे: १८ बाइट, ६ चिन्हं आणि शेवटी ४ अक्षरं: न, म, स्, ते. आपल्याकडचं पहिलीतलं पोर तीन म्हणेल. युनिकोडच्या २०२३ मधल्या १५.१ आवृत्तीने जोडाक्षर एकत्र धरण्याचा नियम आणला, त्या हिशेबानेही तीनच होतात.

जावास्क्रिप्ट

इथे थोडक्यात आटोपतो. एमडीएन ही वेब-तंत्रज्ञानाच्या डॉक्सची साइट भाषेचं अधिकृत प्रमाण नाही, पण सगळे वाचतात तेच. स्ट्रिंगच्या लेंग्थचं पान युटीएफ-१६ कोड युनिट (दोन-दोन बाइटांचे तुकडे, देवनागरीत एका चिन्हाला एक) मोजले जातात असं स्पष्ट सांगतं. मजकूर मार्कडाउन या साध्या लेखन-पद्धतीत आहे, बदल ब्राउझरमध्येच करता येतो. फक्त कुठल्या ब्राउझरमध्ये काय चालतं याचा तक्ता वेगळ्या रेपोमधून येतो, तो पानात शोधत बसू नका.

मग कुठे?

एक संध्याकाळ मोकळी असेल आणि नाव लागलेलं बघायची घाई असेल तर एमडीएन किंवा पीएचपी. दोघांत मी पीएचपी म्हणेन, कारण मराठी नावं कापणारा कोड अजूनही तिथेच जास्त सापडतो आणि सबस्ट्र()च्या पानावर देवनागरीतलं एखादं उदाहरण शोभून दिसेल. कोड चालवल्याशिवाय ज्याला झोप येत नाही त्याने रस्ट. पायथॉनकडे तेव्हा जा, जेव्हा एका वाक्यासाठी महिनाभर थांबायची आणि ते तीनदा खोडून लिहायची तयारी असेल. लिहायला मी तिथेच शिकलो, पण पहिल्या पुल रिक्वेस्टसाठी तिकडे कुणाला पाठवत नाही.