पीएम-किसानचा हप्ता : पोचवणी चोख, मदत तोकडी

कोरोनात शेतकऱ्याला सरकारने 2,000 रुपये दिले, असं आजही सांगितलं जातं. ते पैसे पीएम-किसानचेच, म्हणजे केंद्राकडून वर्षाला तीन हप्त्यांत मिळणाऱ्या 6,000 रुपयांतलेच होते. 26 मार्च 2020 ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी 1.70 लाख कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात 8.7 कोटी शेतकऱ्यांचा हा हप्ता धरला होता. एप्रिल ते जुलैमध्ये कधीतरी यायचा तो एप्रिलच्या सुरुवातीलाच सोडला, एवढंच. वर्षाचे 6,000 होते, 6,000 च राहिले. रानात भाजी नि फुलं सडत होती, त्या नुकसानीशी या रकमेचा काडीचा संबंध नव्हता.

पोचवणीला मात्र नाव ठेवता येत नाही. मधे कुणाचा हात नाही, पैसे थेट खात्यात. त्यासाठी तीन गाठी पक्क्या हव्यात: ई-केवायसी (ओळखीची ऑनलाइन पडताळणी), जमिनीची नोंद आणि आधारशी जोडलेलं बँक खातं. पोर्टलवर नोंदणी क्रमांक टाकला की तिन्हींपुढे ‘येस’ किंवा ‘नो’ दिसतं. हप्ता अडला की आधी हे पान उघडायचं, मग तालुक्याला जायचं.

सगळ्यात जास्त घोळ बँकेच्या गाठीत होतो. खात्याला आधार दिलाय म्हणजे काम झालं, असं नाही. थेट लाभासाठी ते एनपीसीआय या बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत जोडलेलं लागतं. शिवाय शेवटी ज्या बँकेत जोडणी झाली तिथेच पैसे जातात. दुसरं बचत खातं म्हणा, मोबाइलवरून उघडलेलं खातं म्हणा, हप्ता निमूट तिकडे जाऊन बसतो आणि इकडे जुन्या पासबुकात शोधाशोध चालते. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहिलं की बँकेचं नाव कळतं.

दुसरी अडचण नावाची. ‘विठ्ठल’ला इंग्रजीत टी एक की दोन, एवढ्यावर अर्ज लटकतो. नोंदणीतलं नाव आधारप्रमाणे करून घ्यायची सोय पोर्टलवरच आहे. ई-केवायसी ओटीपीने होते, पण मोबाइल आधारला जोडलेला हवा. सेतू केंद्रात अंगठा लावायचा तर कामाने झिजलेली बोटं यंत्राला पटत नाहीत. तेव्हा 2023 पासून पीएम-किसानच्या ॲपमध्ये असलेली चेहऱ्याची पडताळणी बरी.

जमिनीपुढे ‘नो’ असेल तर ताजा सातबारा, 8अ आणि आधार घेऊन तहसील किंवा कृषी कार्यालय गाठावं. जमीन 1 फेब्रुवारी 2019 पूर्वी नावावर असावी लागते. त्यानंतरची चालते ती वारसाने आलेली. कोरोनात कर्ता माणूस गेला, अशा घरांनी हे लक्षात घ्यावं. हप्ता वारसाकडे आपोआप वळत नाही. वारस नोंदीचा फेरफार मंजूर करून घ्यायचा, मग वारसाची नवी नोंदणी करायची.

महाराष्ट्रात 2023 पासून राज्याच्या ‘नमो शेतकरी’ योजनेचे वर्षाला आणखी 6,000 याच यादीवर मिळतात, म्हणजे इथे अडलं की दोन्हीकडे अडतं.

रकमेचं म्हणाल तर 2,000 च्या हप्त्यात 1,350 ची डीएपी खताची एक गोणी आणि 266.50 ची युरियाची एक, उरले 383.50. तेही सातबाऱ्यावर नाव असेल त्याला. बटईने कसणाऱ्याला 2020 मध्येही काही नव्हतं. भाजी त्याची सडली, हप्ता मालकाला गेला.