कॅट सिक्स-ए आणि 'कॅट सिक्स': अकरा महिन्यांनंतर

प्लॅन 300 एमबीपीएसचा, आणि बेडरूममधल्या लॅपटॉपवर स्पीड टेस्ट 94 च्या वर जायला तयार नाही. इंटरनेटवाल्याचा पोरगा आला, राउटरला स्वतःचा लॅपटॉप लावून 300 दाखवले, "साहेब, आमची लाइन ओके आहे, घरातली वायरिंग बघा" म्हणाला आणि लिफ्टने खालीसुद्धा गेला. त्याचं बरोबर होतं, हाच राग. 94 दिसलं की समजायचं, पोर्ट गिगाबिटवरून (म्हणजे 1000 एमबीपीएसवरून) 100 वर उतरलाय. लॅनच्या, म्हणजे इंटरनेटच्या वायरीत तारांच्या चार जोड्या असतात. 100 ला दोन पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. म्हणजे कुठेतरी तार गेली.

कासारवडवलीच्या या घरात यायच्या आधी फॉल्स सीलिंगबरोबर लॅनच्या वायरी ओढून घेतल्या. या वायरींचे दर्जे चढत्या क्रमाने कॅट फाइव्ह-ई, सिक्स, सिक्स-ए. हॉलला कॅट सिक्स-ए, 'एकदाच काय ते चांगलं टाकू' म्हणून. मग खर्च बघून हात आखडला आणि दोन बेडरूमना इलेक्ट्रिशियनने आणलेली 14 रुपये मीटरवाली घेतली. "कॅट सिक्सच आहे दादा, छापलंय बघा." अस्सल तांब्याची 32 ने मिळत होती. 40 मीटरला वाचले 720 रुपये.

परवा बेडरूमच्या भिंतीतला लॅन सॉकेटचा डबा खोलला तर तपकिरी तार नुसता हात लागताच तुटली. ब्लेडने खरवडली, आत पांढरी! अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, म्हणजे बाजारातली सीसीए. दोनदा वाकवली की मोडते, रेझिस्टन्स जास्त, त्यामुळे पीओईच्या, म्हणजे लॅनच्याच वायरीतून वीज घेणाऱ्या, कॅमेऱ्याला तर लावूच नका. वर काहीही छापलेलं असो, ती कॅट सिक्सच्या स्टँडर्डमध्ये बसत नाही. मेव्हण्याकडे नेरुळला जुनी फाइव्ह-ई आहे, पण तांब्याची. तिथे गिगाबिट आजही बिनतक्रार.

आता सिक्स-ए. सोसायटीच्या ग्रुपवर मी हिला पाचपैकी पाच दिले होते. मागे घेतो. वायर इतकी जाड आणि ताठ की भिंतीतल्या डब्यात वळतच नाही, आतून सॉकेटच्या प्लेटला ढकलत राहते. टीव्हीखालच्या प्लेटची डावी बाजू भिंतीपासून चक्क करंगळीभर बाहेर. स्क्रू आवळले, तडा गेला. दुसरी प्लेट आणली, तीही तश्शीच. डबा खोल घ्यायला हवा होता हे तेव्हा कोणी बोललं नाही. जेवताना माझी नजर तिथेच. "अहो, टीव्ही बघा ना, प्लेट काय बघताय," हे रोजचं.

आणि ज्याच्यासाठी हा थाट, त्या टीव्हीचा लॅन पोर्ट 100 एमबीपीएसचा. बऱ्याच टीव्हींचा तसाच असतो. मी मॅन्युअल आत्ता वाचलं.

सिक्स-एवर 10 गिगाबिट 100 मीटरपर्यंत जातं हे खरं, पण साध्या कॅट सिक्सवरही ते 55 मीटरपर्यंत जमतं. टू बीएचकेत 55 मीटर शोधून दाखवा. अडीच गिगाबिट तर धड फाइव्ह-ईवरही चालतं. पुन्हा घर केलं तर सगळीकडे तांब्याची कॅट सिक्स, आणि वाचलेले पैसे जाड पाइपात.

बेडरूमची जुनी वायर ओढताना तिच्याच टोकाला नवी बांधली होती. पाइपच्या वळणावर जुनी तुटली. सीलिंग फोडलं, पीओपी आणि रंगाचे 3,800 गेले. या वेळी पाइपात नायलॉनची दोरी सोडून ठेवलीय. स्पीड आता 290 च्या पुढे.

प्लेट अजून बाहेरच आहे. लेक त्या फटीत पेन्सिल ठेवते.