गाडीच्या चाकातून घरघर: ब्रेक पॅड संपले की बेअरिंग गेलं?

गाडी चालताना चाकाच्या बाजूनं घरघर येऊ लागली की गॅरेजमध्ये पहिली दोन नावं निघतात: डिस्कला (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला) दाबून गाडी थांबवणारे ब्रेक पॅड आणि चाक ज्यावर मोकळं फिरतं ते बेअरिंग. दोन्हींचा खर्च वेगळा, घाई वेगळी आणि काम कुठं करून घ्यायचं तेही वेगळं. त्यामुळे गाडी जॅकवर चढायच्या आधी मालकानंच थोडी परीक्षा करून ठेवलेली बरी. आवाजाचं नुसतं वर्णन करून भागत नाही, कारण एकाची घरघर दुसऱ्याला खरखर वाटते. तो कशानं वाढतो आणि कशानं थांबतो, ते मेकॅनिकला सांगा.

ब्रेकचा आवाज पेडलला बांधलेला असतो. पाय ठेवला की खरवडल्यासारखा आवाज, पाय काढला की बंद किंवा कमी, आणि तळपायाला बारीक कंप. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण 10 ते 12 मिमी असतो. तो 3 मिमीवर आला की पॅड बदलायचे. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळते. ती किंचाळी दुर्लक्षित केली की मग पॅडमागची लोखंडी पट्टीच डिस्कवर घासते, आणि आपण ऐकतो ती खरखर हीच. अलॉय व्हील असेल तर मोबाइलच्या टॉर्चनं पॅड बाहेरूनही दिसतो. पण बाहेरचा पॅड जाड दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीची) पिन जाम झालेली असली की आतला पॅड आधी झिजतो, आणि तो चाक काढल्याशिवाय नीट दिसत नाही.

बेअरिंगला ब्रेकशी देणंघेणं नसतं, ते वेगाबरोबर बोलतं. ताशी 40 किमीला हलकी घुरघुर, 80 ला गाडीत बोलणं ऐकू येणार नाही इतकी. सपाट, मोकळ्या रस्त्यावर इंजिन चालू ठेवून न्यूट्रल करा. आवाज तसाच राहिला तर इंजिन आणि क्लच बहुतेक संशयातून सुटले. मग लांबलचक वळणांवर लक्ष द्या. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बेअरिंगवर. पक्कं करायचं असेल तर गाडी जॅक आणि स्टँडवर घेऊन चाक हातानं फिरवायचं आणि दुसरा हात त्या चाकाच्या कॉइल स्प्रिंगवर ठेवायचा. खराब बेअरिंगचा खरखरीतपणा स्प्रिंगमधून बोटांना कळतो. चाक वर-खाली धरून हलवल्यावर डुगडुगत असेल तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला आहे. मात्र तो बॉल जॉइंटचाही (सस्पेन्शनमधल्या गोल सांध्याचाही) असू शकतो, हे मेकॅनिककडून तपासून घ्या.

बेअरिंगचा खर्च करायच्या आधी टायरवरून हात फिरवा, हा माझा आग्रह आहे. पायऱ्या पडल्यासारखा असमान झिजलेला टायर हुबेहूब बेअरिंगसारखा घुमतो. डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाजाची जात बदलली तर दोष टायरचा असण्याची शक्यता जास्त. पुढचे टायर मागे टाकून पाहा. आवाज जागा बदलून मागे गेला तर बेअरिंगचा खर्च वाचला.

किरकोळ कारणंही आहेत. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर अचानक कर्कश आवाज सुरू झाला तर डिस्क आणि मागच्या पत्र्यात बहुधा खडा अडकलेला असतो. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज चढतो, तो पहिल्या चार-दोन ब्रेकमध्ये निघून जातो. क्लच दाबल्यावर येणारा आवाज चाकाचा नाहीच.

घाईच्या बाबतीत मी ब्रेकला आधी ठेवतो. लोखंडावर लोखंड घासत असताना घाट उतरायचा विचारही करू नका. गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत सावकाश न्या, नाहीतर टो करा. नुसतं घुमू लागलेलं बेअरिंग काम ठरवायला थोडी सवड देतं. प्ले आलेलं बेअरिंग देत नाही, तिथं चाकच सैल होतं.

आता काम कुणाकडे? पॅडसाठी ओळखीचा मेकॅनिक पुरेसा आहे, फक्त पॅड एकाच बाजूचे न बदलता डावे-उजवे दोन्ही बदलायचे आणि कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस लावून घ्यायच्या. डिस्कवर नख फिरवून खोल चर लागले तर जाडी मोजायला सांगा. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. त्याखाली गेलेली डिस्क लेथवर घासून पुन्हा बसवणं म्हणजे पैसे वाचवून ब्रेक गमावणं.

बेअरिंगला मात्र बऱ्याचदा हायड्रॉलिक प्रेस (भाग दाबून बसवायचं यंत्र) लागतो. काही गाड्यांत हबसकट (चाक ज्यावर बसतं त्या भागासकट) अख्खं युनिट बोल्टवर बसतं, ते सोपं. पण नकलमध्ये (चाकामागच्या, बेअरिंग धरणाऱ्या लोखंडी भागात) दाबून बसवायचं बेअरिंग हातोड्यानं ठोकलं तर नवं असूनही लवकर घुमू लागतं. एबीएसच्या (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत अनेक बेअरिंगांच्या एका सीलमध्ये चुंबकी कडी असते. बाजू उलटी झाली की एबीएसचा दिवा लागून राहतो. म्हणून गॅरेज कंपनीचं असो की कोपऱ्यावरचं, प्रेस आहे का आणि ॲक्सलचा नट टॉर्क रेंचनं (ठरावीक जोरानंच आवळणाऱ्या पान्यानं) आवळणार का, हे दोन प्रश्न विचारा. दोन्हींना "हो" मिळालं तर कोपऱ्यावरचं गॅरेज चालेल, मजुरीही बहुधा कमी पडेल. नाहीतर सर्व्हिस सेंटरचे जास्तीचे पैसे इथं वसूल होतात. बाजारात नामांकित बेअरिंगांच्या नकला फिरतात, त्यामुळे बिलाशिवाय माल घेऊ नका. बेअरिंग मात्र एकाच बाजूचं बदललं तरी चालतं. जोडीनं बदलायचा आग्रह झाला तर दुसऱ्या बाजूचं चाक तुमच्यासमोर फिरवून दाखवायला सांगा.