पित्ताशयाच्या सुजेवर 'चिनी काढ्याच्या' कॅप्सूल : माझी झालेली फसवणूक

मी सिंगापूरला राहते. गेल्या वर्षी जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ यायची, ती थेट खांद्यापर्यंत. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, मी घाबरले. ओळखीतल्या बाईंनी एका चिनी वैद्याचा पत्ता दिला. दवाखाना नव्हता, राहत्या घरीच औषध द्यायचा.

त्याने नाडी बघितली, जीभ बघितली. म्हणाला, "दा छाय हू थांग. अठराशे वर्षांचा काढा आहे. फार कडू, म्हणून कॅप्सूलमध्ये भरून देतो." चौदा दिवसांचे २८० डॉलर. हातात झिपची पारदर्शक पिशवी आली, आत तपकिरी कॅप्सूल. लेबल नाही, तारीख नाही.

पहिल्या कॅप्सूलनंतर दोन तासांत कळ गेली. इतकी पूर्ण गेली, की त्या रात्री मी वरणभात तूप घालून जेवले. तिथेच मला शंका यायला हवी होती.

काढ्याचं नाव खरं होतं. हान राजवटीच्या अखेरच्या काळातला वैद्य चांग चोंगचिंग याच्या नावावर तो आहे. त्यात आठ औषधं, त्यांपैकी काही : छाय हू या वनस्पतीचं मूळ, ह्वांग छिन नावाची मुळी, आलं, लाल बोरं, आणि मुख्य म्हणजे रेवाचिनी. रेवाचिनीने पोट सैल होतं. मला तसं काहीच झालं नाही. उलट भूक वखवखली, झोप उडाली, दहाव्या दिवशी आरशात गाल फुगलेले दिसले. मला वाटलं, तब्येत सुधारतेय.

पिशवी संपली आणि तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला, उलट्या सुरू झाल्या. इमर्जन्सीत डॉक्टरांनी बरगडीखाली बोटं दाबून दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. श्वास अर्ध्यातच अडकला; पित्ताशय सुजल्याची ती खूण. मग त्यांनी विचारलं, "आणखी काय घेत होतात?" मी रिकामी पिशवी दाखवली. तळाशी एक कॅप्सूल राहिली होती, ती तपासायला गेली. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक निघालं. वखवखलेली भूक, उडालेली झोप, फुगलेले गाल हे स्टेरॉइडचंच काम. म्हणजे स्टेरॉइडने ताप आणि सूज झाकली, वेदनाशामकाने कळ मारली, आणि आत पित्ताशयात पू होत राहिला. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, नऊ दिवस हॉस्पिटलात काढले.

चिनी वैद्यकाला मी दोष देत नाही. चीनमधल्या तियानजिन शहराच्या नानकाई रुग्णालयात वू श्यानचोंग या सर्जननी १९६०च्या दशकापासून पोटाच्या अशा तातडीच्या दुखण्यांवर काढे वापरले, पण रुग्ण वॉर्डात, सर्जनच्या नजरेखाली. सिंगापुरातही २००० सालच्या कायद्याने चिनी वैद्यांना नोंदणी सक्तीची आहे, आणि नाव ऑनलाइन तपासता येतं. तयार चिनी औषधात ॲलोपॅथीची औषधं मिसळायला तिथे बंदी आहे. मी नाव तपासलंच नाही. नंतर शोधलं तेव्हा ते यादीत नव्हतं. फोन बंद, आणि त्या घरात दुसरं कुटुंब राहायला आलेलं.

कुणी बिनलेबलची पुडी दिली आणि दुखणं तासाभरात पळालं, तर पुडी जपून ठेवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा; बरेच दिवस घेत असाल तर त्यांना विचारूनच थांबवा. ताप असेल, डोळे पिवळे दिसत असतील तर थेट हॉस्पिटल गाठा.

त्याच माणसाकडून मी आईच्या गुडघ्यांसाठीही एक पिशवी घेतली होती. आईला मधुमेह आहे, आणि स्टेरॉइडने साखर वाढते. सातारला न्यायच्या बॅगेत, साडीच्या घडीत ती ठेवलेली होती. हॉस्पिटलातून घरी आल्यावर नवऱ्याने ती बाहेर काढली. तेच तपकिरी, तसंच बिनलेबलचं. तीही आम्ही तपासणीला दिली.